आठवड्याला एक ओळ

प्रिय बारके,

आमच्या अभ्यासगटाचा नियम तुला सांगितला होता: आठवड्याला एक ओळ, आणि सगळे बोलल्याशिवाय पुढची नाही. "ताई, मग संपायचं कधी गं?" म्हणून तू हसली होतीस. आम्ही वाचत होतो ते पहिल्या ख्रिस्ती लोकांपैकी एकाने तुरुंगातून लिहिलेलं पत्र. पळून आलेल्या गुलामाला तो मालकाकडे परत पाठवतो आणि विनवतो, याला भाऊ मान.

मी भारावून गेले होते. म्हणून तू आत्याच्या लॉन्ड्रीतून पळून माझ्या खोलीवर आलीस, तेव्हा तुझ्या मनगटावरच्या इस्त्रीच्या चटक्यांना मलम लावलं आणि तुझ्याच हाती चिठ्ठी देऊन तुला परत पाठवलं. हिला कामवाली नको, लेक समजा, असं लिहिलं. घरातली पहिली पदवीधर ना मी! वाटलं, माझा शब्द आत्या मोडणार नाही.

काल शेवटची ओळ झाली. गटातल्या शिवणकाम करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "सगळं गोड आहे गं बाई, पण त्या माणसाला कुणी विचारलं का, तुला जायचंय का म्हणून?"

मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तो गुलाम त्यात एकदाही बोलत नाही.

तुलाही मी विचारलं नव्हतं. तू मुकाट्याने चपला घातल्यास, आणि मला ते समजूतदारपण वाटलं.

हे पत्र टाकत नाही. तुझी पत्रं आधी आत्याच फोडते. उद्या सकाळच्या गाडीने मीच येते आणि तुला विचारते, तिथे राहायचंय का. नाही म्हणालीस, तर या वेळी चिठ्ठी नाही. तुला घेऊनच निघेन.

तुला न विचारणारी,
ताई