गोत्राचा रकाना

३ मे, रविवार

"हो आई, देशस्थच."

असं वरुण म्हणाला. पुरीचा तुकडा मोडत, माझ्याकडे न बघता!

काकू, म्हणजे वरुणची आई, परवा पुण्याहून इथे परदेशी आल्या. दीड-दोन महिने राहणार आणि आमचं लग्न पक्कं करूनच जाणार. म्हणून आज नीताताईनं सगळ्यांना जेवायला बोलावलं. मी नीताताईची भाडेकरू. बिशान भागातल्या तिच्या फ्लॅटमधली एक खोली माझी, आणि मराठी मंडळाची सेक्रेटरीही तीच. काकूंनी श्रीखंड वाढून घेता घेता विचारलं, "उदगीरकर म्हणजे देशस्थ का गं?" माझं तोंड उघडायच्या आत त्यानं उत्तर देऊन टाकलं.

त्याला माहीत आहे. दीड वर्षापूर्वी मीच सांगितलं, पहिल्यांदा हात धरला त्याच दिवशी. "सो व्हॉट?" म्हणाला होता. केवढी भाळले होते मी त्या दोन शब्दांवर!

४ मे

मी का नाही बोलले? माझ्या तोंडात तर घासही नव्हता.

९ मे

दिवसभर ऑफिसात एकटी. शनिवारी विद्यापीठात एसी बंद असतो, तरी बरं वाटतं.

माझं काम म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या नोंदवह्या वाचणं. तिकडे अमेरिकेतली गुलामगिरी संपली तेव्हा वीस-वीस, तीस-तीस वर्षं एकत्र राहिलेली जोडपी लग्न नोंदवायला रांगा लावून उभी राहिली. तोवर त्यांच्या लग्नाला अर्थच नव्हता, मालकानं एकाला विकलं की संपलं. कारकून आडनाव विचारायचा. कित्येकांना मालकाचंच आडनाव चिकटलेलं. काहींनी तेच ठेवलं, काहींनी तिथल्या तिथे दुसरं घेतलं. आज हॅना नावाची एक बाई सापडली. वय साठच्या आसपास. कारकुनानं लिहिलेलं मालकाचं आडनाव खोडून वर दुसरंच लिहिलंय. तिनंच खोडायला लावलं असणार. बराच वेळ त्या खाडाखोडीकडे बघत बसले.

माझंही आडनाव खोडून वर लिहिलेलंच आहे. फक्त उलट्या दिशेनं. मी नववीत असताना माझ्या वडिलांनी, अण्णांनी, सोनकांबळेचं उदगीरकर केलं. राजपत्रात छापून आणलं. म्हणाले, दहावीच्या सर्टिफिकेटवर जे येतं ते जन्मभर चिकटतं. मग बँकेतून पुण्याला बदली मागून घेतली. नव्या सोसायटीत बाबासाहेबांचा फोटो कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं लावला. आई रोज अंघोळ झाली की कपाट उघडायची, हात जोडायची, कपाट बंद करायची.

आम्ही बौद्ध आहोत हे आमच्या कपाटाला माहीत होतं!

१६ मे

शहराच्या ईस्ट कोस्ट भागात वरुणच्या फ्लॅटवर गेले होते. काकूंनी मला खाली बसवून केसांना तेल लावलं. "काय कोरडे करून ठेवलेत गं, आणि एवढे सुंदर!" आई गेल्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून माझ्या डोक्याला कुणाचा हात लागला नव्हता. मला रडू आलं. त्यांना वाटलं तेल डोळ्यांत गेलं.

मला ही बाई हवी आहे. कधी कधी वरुणपेक्षाही जास्त. खरं तेच लिहितेय.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी वेणी घालून घेतली.

२३ मे

पत्रिकेचा मजकूर करायला घेतलाय. काकूंनी गुरुजींचा फॉर्म पुढे केला. मुलीचं गोत्र, कुलदैवत. "अण्णांना विचारून भर हं, घाई नाही."

स्टेशनपर्यंत वरुण सोबत आला. म्हणाला, "कश्यप लिही ना. ज्याला गोत्र माहीत नसतं त्यानं कश्यप सांगायचं असतं, शास्त्रातच आहे." शास्त्रानं तरी किती सोय करून ठेवलीय! मी म्हटलं, "मला गोत्र माहीत नाही असं नाहीये वरुण. मला गोत्रच नाही."

"हळू बोल ना!"

शनिवारची संध्याकाळ, प्लॅटफॉर्मवर मराठी कळणारं माणूस औषधालाही नव्हतं. तरी हळू!

मग त्याचं ठरलेलं: लग्न होऊ दे, नंतर आईला सावकाश सांगू, तिचं बीपी. मी त्याला टेक्ससचं सांगितलं. गुलामांच्या सुटकेची बातमी तिथे अडीच वर्षं उशिरा पोचली. मालकांनी दाबून ठेवली, एवढं पीक निघू दे म्हणाले, असं सांगतात. त्याचा चेहरा उतरला. "तू मला गुलामांचा मालक म्हणतेस, दमू?"

नाही म्हणत. बातमी दाबणारा म्हणतेय.

३१ मे

अण्णांना फोन. वाटलं, ते तरी चिडतील. म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची, बाळा. लिही कश्यप."

मी ओरडले. काय वाट्टेल ते बोलले. ते ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "मी काय हौसेनं बदललं का गं? नाव बदललं त्या दिवसापासून माझा सख्खा भाऊ माझ्याशी बोललेला नाही. तुला कुणी कुठे अडवू नये म्हणून केलं. आता दारात पोचलीस, तर मागे कशाला बघतेस?"

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, त्यांना जेवलात का हेही विचारलं नाही.

६ जून

मंडळात वीस तारखेला माझं व्याख्यान आहे. नीताताईनं पोस्टर पाठवलं: 'गुलामगिरीचा अंत – माणुसकीचा विजय'. तुटलेली साखळी, वर सूर्य.

भाजी चिरता चिरता म्हणाली, "काय भयंकर लोक ना गं ते! माणसासारख्या माणसाला शिवायचं नाही, शेजारी बसू द्यायचं नाही. आपल्याकडे निदान असलं काही नव्हतं."

मी पाणी प्यायले.

१९ जून

भाषणाच्या शेवटी एक पान जोडलंय. चारदा काढलं, पाचदा जोडलं. वरुणला सांगितलं. "प्लीज दमू. निदान पत्रिका छापून होईपर्यंत."

दीड वर्षात तो माझ्यापुढे असा रडवेला झाला नव्हता. पण ते रडू स्वतःसाठी होतं.

२० जून, शनिवार

वाचलं.

मंडळाचा सेरंगूनचा हॉल, साठेक माणसं. हॅनापर्यंत सगळे गलबललेले. बायकांनी डोळे पुसले. मग मी शेवटचं पान काढलं. माझं नाव दमयंती सोनकांबळे. राजपत्र. कपाट. आई. थांबले नाही.

मग टाळ्या, कुणाचं तरी बघून कुणीतरी सुरू केलेल्या. नीताताईनं माईक घेतला. "आपण कुठे मानतो हो आता हे सगळं! चला, समोसे गार होतायत."

समोशांच्या टेबलाशी मी उभी राहिले आणि माझ्याभोवती आपोआप जागा झाली. कुणी काही वाईट बोललं नाही. बोललंच नाही कुणी! नीताताईची अवनी तेवढी आली, बारा वर्षांची. "आंटी, देन व्हाय मस्ट हाइड? सो स्टुपिड, लाह." इथल्या शाळेतलं इंग्रजी. तिला आईनं हाक मारली.

वरुण टाळ्या थांबायच्या आधीच निघून गेला होता. काकू दुसऱ्या रांगेत बसून राहिल्या. मांडीवरच्या पर्सकडे बघत. मी जवळ गेले तर उठल्या आणि म्हणाल्या, "नंतर बोलू."

मला भीती वाटायला हवी होती. हलकं वाटलं. आणि लगेच तेल लावणारे हात आठवले.

२१ जून

वरुणचा मेसेज: "आता आईला मी काय तोंड दाखवू?"



२३ जून

काकू आल्या होत्या. एकट्याच, एमआरटीच्या ट्रेननं, वाट विचारत. माझे हात धरून रडल्या. खऱ्या रडल्या. "मी सगळं जमवून आणलं होतं गं, आणि तूच मोडलंस."

मी म्हटलं, काकू, तुम्हाला अंधारात ठेवून मला लग्न करायचं नव्हतं.

"मला कसला अंधार? वरुणनं फेब्रुवारीतच सांगितलं होतं मला. मीच त्याला म्हटलं, मुलगी गुणी आहे, आणू आपण घरात. फक्त मला माहीत आहे हे तिला कळू देऊ नकोस. म्हणजे उघडं पडायच्या धाकानं आपणहून जपून राहील."