हात उचलायची मनाई

अमरावती,
कौंडण्यपूरच्या जत्रेनंतरचा सोमवार

तीर्थरूप भगवंतमामा यांस,

दोन्ही हात पाठीमागे धरून पियुषचा साष्टांग नमस्कार. (हात पाठीमागे काहून, ते खाली येतेच.) मामींच्या टाचेचं दुखणं उतरलं का? आईनं शेकायला ओव्याची पुरचुंडी पाठवली आहे, ती मामींनीच वापरावी, तुम्ही चहात टाकू नये. इकडे सगळे ठीक, आणि मी तर मामा, कधी नव्हे इतका खुशाल आहे.

तुम्हीच मला सामने भरवणाऱ्या अकोल्याच्या डोमाजीभाऊंकडे नेऊन बॉक्सिंगचा करार करून दिला, तेव्हा कॉलेज अर्धवट सोडलेल्या पोराचं भलं झालं असं आपल्या दोघांनाही वाटलं होतं. रागिणीच्या वडिलांना, म्हणजे चांदूर रेल्वेच्या सूर्यभानजींना, ते वाटलं नाही. ज्याचं नाक दर मोसमाला दिशा बदलते त्याला पोरगी देत नाही, असं त्यांनी सांगून पाठवलं. माझं डोकं तुम्हाला माहीत आहे. त्याच रागात मी फेसबुकवर निवृत्ती जाहीर केली. सकाळी पाहतो तर मित्रांनी चौकात फ्लेक्स टांगलेला: ‘लाडक्या पियुषभाऊंना सेवानिवृत्तीच्या हार्दिक शुभेच्छा’. (शुभेच्छुकांचे फोटो इतके, की माझा कोपऱ्यात गेला. बाबांनी तो रस्ताच सोडला. लोक त्यांना थांबवून विचारत, पोराची पेन्शन बसली का.)

मला वाटलं, निवृत्त झालो म्हणजे करार संपला. तो संपत नाही मामा, झोपतो. डोमाजीभाऊ फोनवर हसूनच राहिले. “रिटायर हो नं बाप्पा, कोन अडवते तुले? पन वापस हात उचलशीन तं माह्याच रिंगमधी उचलशीन.” मग मी वकील गाठले. त्यांनी सांगितलं, उरलेली मुदत आहे तिथंच थांबते आणि मी परतलो की तिथूनच पुढं चालू होते. घरी बसल्यावर मला कोणी रिंगमध्ये ओढून नेऊ शकत नाही. मात्र दुसऱ्या कोणासाठी लढलो तर करार मोडला. हे ऐकूनच अर्धा जीव भांड्यात पडला. पण चार लोकांसमोर कुठंही हात चालवला तर निवृत्ती मोडली असं धरतात का, हे विचारायच्या आत त्यांना कोर्टातून बोलावणं आलं. मग मी आपलं ‘धरतात’ असंच धरून घरी आलो.

त्यानंतर जत्रा. रागिणीच्या घरचे येणार म्हणून सूर्यभानजींच्या पाया पडायला मी कौंडण्यपूरला गेलो. (ज्या गावातून खुद्द देवानं नवरी पळवली, तिथं पोरींचे भाऊ जरा जास्तच जागे असतात.) रेवड्यांच्या दुकानासमोर तिच्या भावानं, अंकुरनं, मला गाठलं. “काहून रे, इथंबी आला का मांगं मांगं?” म्हणत कानाखाली अशी दिली, की रेवडीवाल्यानं तराजू खाली ठेवला. मामा, माझा उजवा हात अर्ध्यात आला होता. तेवढ्यात भोवती जमलेली गर्दी दिसली. गर्दी म्हणजे प्रेक्षक, प्रेक्षक म्हणजे सामना, सामना म्हणजे डोमाजीभाऊ, आणि डोमाजीभाऊ म्हणजे रागिणी गेली! मी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि नुसता उभा राहिलो. त्यानं अंकुरच घाबरला. सूर्यभानजी गर्दीतून पुढं आले आणि लेकाला म्हणाले, “पाह्य, याले म्हणतात संस्कार. शिक काही!” रागिणी मागं ओढणीत तोंड खुपसून हसून राहिली होती, तिला सगळा करार पाठ आहे. रविवारी बोलणीला या, असा निरोप सूर्यभानजींनी तिथंच दिला. मामा, वजनकाट्यासाठी उपाशी राहूनही मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

तेव्हा तुम्ही दोघांनी रविवारी यायचंच. मामींना नमस्कार.

तुमचा, सध्या कोणालाही न मारणारा भाचा,
पियुष

ता. क. – बोलणीत कराराचं नाव काढू नये. सूर्यभानजी त्याला माझा स्वभाव समजतात, आणि करार झोपलेला आहे तोवर तो माझा स्वभावच आहे.

आणखी ता. क. – खरं काम हे. लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. अंकुर आत्तापासून बोटं कडाकडा मोडून राहिला म्हणे. भर मंडप, त्यात व्हिडिओवाला; माझा मलाच भरवसा नाही. म्हणून तुम्ही डोमाजीभाऊंना गाठा आणि सांगा, या पोराच्या हातात दम आहे, आमच्या पियुषचा गाल साक्षीला आहे, लग्नाआधी त्याच्याशी करार करून टाका. एकदा सही झाली, की चार लोकांत हात उचलायची मनाई असते, हे त्याला मी स्वतः समजावून सांगीन.