तुमची गाठ, दादाची गाठ

आप्पा, दादाच्या मानेत गाठ पुन्हा आली आहे. कुठून सुरुवात करावी ते कळेना, म्हणून शेवटचंच आधी लिहून टाकलं. परवा डॉक्टरांनी स्कॅन बघितला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आता त्रास कमी कसा राहील, तेवढं बघू." दादानं मान हलवली, गॅरेजवाल्यानं गाडीचं काम सांगितल्यासारखी. वहिनी मात्र माझ्याकडे बघत राहिली. या घरात कॅन्सरवर काम करणारी मी, त्यामुळे डॉक्टर काहीही बोलले की सगळे माझ्या तोंडाकडे बघतात.

हे काम तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होते आणि पुढं शिकेन की नाही याचाच पत्ता नव्हता. आता मी एका प्रयोगशाळेत आहे. तोंडाच्या कॅन्सरची ऑपरेशनं होतात, त्यातल्या गाठींचे बारीक तुकडे बर्फात घालून आमच्याकडे येतात. नाव नसतं, नुसता नंबर. तुमच्या भाषेत सांगते. तुमच्या कंपनीतल्या शॉपमध्ये सगळी मशिनं कायम उभी असायची, पण प्रत्येक शिफ्टला सगळी चालत नव्हती. काम असेल तेवढीच चालायची. शरीरातल्या प्रत्येक पेशीत जनुकं असतात, ती तशीच. सगळी सगळीकडे हजर, पण गालाच्या पेशीत गालाला लागतात तेवढीच चालू. जे जनुक चालू असतं त्याच्या नकला पेशी काढते, आणि आम्ही त्या नकला मोजतो. गाठीत सगळा घोळ झालेला असतो. जे गप्प बसायचं ते जोरात चालू, आणि ज्यानं ब्रेक लावायचा ते बंद. कुठलं चालू आणि कुठलं बंद, एवढंच मी दिवसभर बघते. सुरुवातीची काही वर्षं प्रत्येक तुकडा हातात घेताना मला तो तुमचाच वाटायचा. मग सवय झाली.

तुमचं शॉप मी एकदाच पाहिलं. नववीत होते. तुम्ही ओव्हरटाइमला थांबलेले, आणि आईनं डबा देऊन मला तळवड्याहून चाकणला पाठवलेलं. वॉचमन ओळखीचा, म्हणून त्यानं शेडच्या दारापर्यंत सोडलं. पत्रा दाबणारा तो प्रेस खाली येतो तेव्हा पायाखालची जमीन हादरते. तुम्ही पत्रा आत सरकवताय, हात मागं घेताय, प्रेस पडतोय, पुन्हा पत्रा. गाल एका बाजूला फुगलेला. आदल्याच आठवड्यात शाळेत कुणीतरी येऊन तंबाखूची चित्रं दाखवून गेलं होतं, आणि मी तुमच्या मित्रांसमोर म्हणाले, "आप्पा, थुंका आधी ते." सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. "चार माणसांत बापाला शिकवती व्हय गं? डबा ठेव आन् नीघ घरला." मी वाटेत रडले. दुसऱ्या दिवशी चुलीपाशी बसून चहा घेताना तुम्ही माझ्याकडे न बघता बोललात. "तिसऱ्या पाळीला डोळा लागतो. डोळा लागला की बोटं जात्यात. माझ्या शेजारच्याची गेली. चिमूटभर तोंडात असली म्हंजी मानूस जागा ऱ्हातो." आईनं आणि मी एकमेकींकडे पाहिलं. पुढं त्या विषयावर तुम्हाला कुणी काही बोललं नाही. तुमची दहाही बोटं शेवटपर्यंत शाबूत राहिली.

त्या वर्षीच्या दिवाळीत कंपनीनं सगळ्यांना मिक्सर दिला होता, आठवतं? तुम्ही तो खोका खांद्यावर घेऊन आळीतून मुद्दाम सावकाश चालत आलात. आईनं त्याला हळदीकुंकू वाहिलं. त्यात आधी फक्त शेंगदाण्याची चटणी झाली असेल. मग तुमचं तोंड उघडेनासं झालं, आणि त्यानंतर त्या मिक्सरमधून तुमचंच जेवण निघायला लागलं. भाकरी दुधात, भात वरणात, सगळं पातळ. होळीला आईनं पुरणपोळीसुद्धा दुधात फिरवली आणि वाटी तुमच्यापुढं धरली. तुम्ही एक घोट घेतलात आणि म्हणालात, "ग्वाड हाय." आई मागच्या दाराला गेली ती बराच वेळ आत आली नाही. आता आईही नाही. हे दुसऱ्यांदा बघायला ती नाही, याला बरं म्हणायची पाळी आली आहे.

दादानं आयटीआय करून तुमच्याच कंपनीत कंत्राटावर काम धरलं होतं आणि तुमच्याच पुडीतून चिमूट घ्यायला शिकला होता. पण आप्पा, तुम्हाला पोचवून आल्यावर त्यानं खिशातली पुडी गटारात टाकली आणि त्यानंतर कधी हात लावला नाही. मी साक्षीला आहे. पुढं कंपनी सोडून हिंजवडीत कॅब चालवायला लागला. रात्री-अपरात्रीच्या पाळ्या, ट्रॅफिकमध्ये तासन् तास; बाकीचे ड्रायव्हर गाडीला टेकून मळायचे, आणि हा बडीशेप चघळत उभा राहायचा. ते त्याला चिडवायचे, "काय भावा, लग्नात जेवून आलास काय?"

गेल्या वर्षी एका रविवारी वहिनीनं मिसळ केली होती. दादानं पहिल्याच घासाला ताट सरकवलं. तिखट लागतं, म्हणाला. तिखट लागणारा माणूस नाही तो. मी त्याला गॅलरीत उजेडात नेलं आणि मोबाइलचा टॉर्च लावून म्हटलं, "आ कर." तोंड पुरतं उघडलंच नाही. आत गालाला पांढरा चट्टा, आणि कडेला लाल, सोललेलं.

"काय हाय?"

"दात लागत असेल. उद्या दवाखान्यात जाऊ."

"तू लॅबवाली ना? मग सांग की नीट."

मी टॉर्च बंद केला. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं. त्यानं कठड्याला धरून खालच्या पार्किंगकडे बघितलं. मग तो म्हणाला, "पण मी सोडलं व्हतं ना? मग?"

याचं शास्त्रातलं उत्तर मला येतं. काही बिघाड एकदा झाला की कारण थांबलं तरी तो पेशीत राहतो, वर्षानुवर्षं गुपचूप पुढं सरकतो. सोडल्यानं धोका कमी होतो, पुसला जात नाही. मी म्हटलं, "सोडलंस म्हणून इतकी वर्षं मिळाली." हे दादाच्या बाबतीत खरं आहे की नाही, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नसतं.

कॅन्सरच निघाला. आमच्या लॅबला गाठी पाठवणाऱ्या दवाखान्यातच ऑपरेशन ठरलं, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, गाठीतला थोडा भाग संशोधनासाठी दिला तर चालेल का. दादा हसला. "घ्या की साहेब. घरच्याच दुकानात चाललाय माल." त्याचा अर्धा जबडा काढला, छातीचं मांस वर घेऊन गाल शिवला. इकडे लॅबच्या प्रमुख मॅडमनी मला बाजूला बोलावलं आणि एवढंच म्हणाल्या, "या महिन्यातले नमुने तू करू नकोस. दुसरं कुणीतरी करेल." मी बरं म्हटलं. पुढं एका मीटिंगमध्ये सगळ्यांचे निकाल पडद्यावर लागले. जोरात चालू ते लाल, बंद पडलेलं निळं, आणि प्रत्येक माणसाचा एक उभा पट्टा. त्यातला दादाचा कुठला ते मला ठाऊक नव्हतं, विचारायचंही नव्हतं. तरी माझी नजर एका पट्ट्यावरून दुसऱ्या पट्ट्यावर फिरत राहिली. एक पट्टा वरपासून खालपर्यंत असा लाल होता की पुढचे पट्टे मी पाहिलेच नाहीत. मॅडम हळूच म्हणाल्या, "जा, चहा घेऊन ये."

कँटीनमध्ये बसले तेव्हा मला राग आला, आप्पा, आणि तो अजून गेलेला नाही. समजा तो पट्टा दादाचाच. समजा मी धावत जाऊन डॉक्टरांना सांगितलं असतं की हे अमुक जनुक पेटलं आहे. ते काय वेगळं करणार होते? तीच सुरी, तेच किरणांचे शेक, तीच औषधं. मॅडम म्हणतात, या कामाचा कधीतरी उपयोग होईल. गाठ लवकर ओळखता येईल, कुणाची परतेल ते सांगता येईल. मॅडम खोटं बोलत नाहीत. पण ते कधीतरी तुमच्या वाट्याला आलं नाही आणि दादाच्याही येणार नाही. मी आयुष्यातली चांगली वर्षं गाठी वाचण्यात घालवली, आणि घरात गाठ आली तेव्हा टॉर्च बंद करण्यापलीकडे मला काही करता आलं नाही. हल्ली सकाळी लॅबचं दार ढकलताना हात जड होतो. तरी जाते. दुसरं काय येतं मला?

शेक झाले, मध्ये थोडे दिवस बरे गेले. दादा पुन्हा गाडी काढायचं बोलायला लागला. मग मान सुजली. आता तो आणि वहिनी माझ्याकडे ताथवड्यात राहतात, इथून दवाखाना जवळ पडतो. त्याचं बोलणं वहिनीला कळत नाही, ती दर वेळी "काय? काय?" करते आणि मग तिला रडू येतं. मला सगळं कळतं. मला तुमच्या वेळची सवय आहे.

काल दुपारी वहिनी औषधं आणायला गेली होती. मी त्याला नळीतून ताक देत होते. त्यानं खुणेनं थांबवलं. तुम्ही गेलात त्या दुपारी तो पाळीवर होता आणि आई बाहेर गेली होती. तुमच्याजवळ मी एकटी होते. इतक्या वर्षांत त्यानं त्याबद्दल एक शब्द विचारला नव्हता. काल विचारलं.

"आप्पाला... शेवटी लई दुखलं का गं?"

"नाही रे. झोपेतच गेले."

"खरं?"

"खरं. मी होते ना तिथं."

त्यानं डोळे मिटले, उशीवर मान सैल सोडली आणि उरलेलं ताक घेतलं. बऱ्याच दिवसांत त्याचा चेहरा तसा दिसला नव्हता.

ती दुपार कशी गेली, तुम्ही माझं मनगट किती घट्ट धरलं होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे आणि मला. हे लिहिलेलं मी घरात ठेवू शकत नाही. दादाला नीट बोलता येत नसलं तरी वाचता येतं. त्याला जाग यायच्या आत फाडून टाकीन. तो पुन्हा विचारील, आणि मी पुन्हा तेच सांगेन, आप्पा. तुम्ही मध्ये बोलू नका.