उलट बाजूचा वक्ता

तीर्थस्वरूप आत्यास,

तुझ्या वाह्यात भाच्याचा साष्टांग नमस्कार (दोन खाटांच्या मधे आठही अंगं टेकायला जागा नाही, तेव्हा चार पोचली असं समज). नवी कवळी बसली का? की अजून ती डबीत आणि तू पेजेवर? इकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे जेवण घशाखाली उतरत नाही, झोप लागत नाही आणि खोलीतला सोबती माझ्याशी बोलत नाही, एवढं सोडलं तर काही तक्रार नाही.

आमच्या चर्चामंडळाबद्दल तुला मागे सांगितलं होतं. (बाबांना अजून वाटतं की मी संध्याकाळी ग्रंथालयात असतो. वाटू दे.) राजकारण, समाज, कायदा, जे हाताला लागेल त्यावर आम्ही भांडतो, मात्र मंडळाचा एक नियम आहे. आधी प्रत्येकाने आपलं खरं मत अध्यक्षबाईंना सांगायचं आणि मग बरोबर त्याच्या उलट बाजूने बोलायचं. ही अध्यक्षबाई आमच्याच वर्गातली, पण आवाज असा की तिच्यासमोर खुर्चीसुद्धा करकरत नाही. पहिल्यांदा माझ्या वाट्याला आलं होतं, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातल्या बायकांना आठवड्याची सुट्टी देऊ नये. मी बोललो, टाळ्या घेतल्या आणि खोलीवर येऊन स्वतःवरच इतका चिडलो की त्या बायकांना सुट्टी का हवी, हे मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने समजलं. आपल्या घरी बाबा माझं वाक्य पुरं करून टाकतात, तेही चुकीचं. मंडळात मला माझं वाक्य शेवटपर्यंत बोलू देतात. म्हणून मी तिथे जातो.

आता माझी अवदसा ऐक. मंडळ किती शिस्तीचं आहे हे दाखवावं म्हणून आम्ही कुलसचिवांना पाहुणे म्हणून बोलावलं. विषय ठेवला, ‘विद्यापीठात चर्चामंडळं असावीत का?’ (घरात साप नव्हता, तो आम्ही पाट मांडून बोलावला.) मंडळ असावं असं माझं मत, म्हणून ते बंद करावं असं मी बोलायचं. अध्यक्षबाईंनी सुरुवातीला नियम नीट समजावून सांगितला. पण साहेब उशिरा आले आणि नेमके माझ्या भाषणाच्या आरंभी पहिल्या रांगेत बसले. आणि त्या दिवशी, आत्या, माझ्या जिभेवर कोण बसलं होतं कोण जाणे! हात हलवायला नकोत म्हणून इथे जिभा हलवतात, म्हणालो. जगाचा कारभार सांगणाऱ्यांना खोलीतला केर काढता येत नाही, म्हणालो. साहेब मान डोलवत होते आणि मला वाटत होतं, वा, काय रंगलंय!

पुढच्याच आठवड्यात मंडळाच्या खोलीला कुलूप. दारावरच्या सूचनेत लिहिलं होतं की मंडळाची परवानगी स्थगित केली आहे, विद्यार्थ्यांच्याच भावना लक्षात घेऊन. खाली त्या भावना दिल्या होत्या. सगळ्या माझ्या, शब्दशः. सोमवारी सुनावणी आहे. त्यात मंडळाच्या वतीने एकानेच बोलायचं आणि निकाल तिथेच. आम्ही धावत जाऊन साहेबांना नियम सांगितला, तर ते शांतपणे म्हणाले, “म्हणजे तुमच्याकडे मुलांना खोटं बोलायला शिकवतात?” धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

खोली बंद, म्हणून जिन्यात बसून बैठक झाली. बचावाला कोण बोलणार? आणि इथे सगळ्यांचे चेहरे उतरले. नियमाप्रमाणे मंडळाच्या बाजूने तोच बोलू शकतो, ज्याला ते बंद व्हावंसं वाटतं! जिन्यात एकजात सगळे मंडळावर जीव टाकणारे. कोणीतरी म्हणालं, या एका वेळेपुरता नियम गुंडाळून ठेवू. अध्यक्षबाई म्हणाली, “आपल्याला टोचला त्या दिवशी नियम सोडला, तर कुलूप योग्यच आहे.” आणि मग विचारलं, मनापासून मंडळ नको असलेलं कोणी आहे का, असल्यास हात वर करा. कोणी हलेना. उशीर होत होता, पहारेकरी आम्हाला उठवायला वर येत होता. मी हात वर केला.

माझ्या खोलीतल्या सोबत्याला आम्ही शंकासूर म्हणतो. सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी तो पुरावा मागतो. त्याने माझ्यावर मात्र ताबडतोब विश्वास ठेवला. “मला वाटलंच होतं, त्या दिवशी फारच मनापासून बोललास,” म्हणाला आणि दोन पायऱ्या खाली जाऊन बसला. तेव्हापासून तो भिंतीकडे तोंड करून अभ्यास करतो. अध्यक्षबाईने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं (भाषणाआधी मी तिला नेमकं उलटं मत सांगितलं होतं; तेव्हाचं खोटं की आताचं, हे ती ठरवत असावी) आणि ठीक आहे, एवढंच म्हणाली. नियम पाळण्यासाठी मी नियम मोडला आहे आणि हे कोणाला सांगायची सोय नाही. सांगितलं तर बोलायला कोणीच उरत नाही. मला फार भीती वाटते आहे.

असो. कवळीची सवय कर. बाबांना यातलं काही कळवू नकोस.

तुझा,
भाचा

ता. क. कुलसचिव कॉलेजात तुझ्याच वर्गात होते असं तू एकदा म्हणाली होतीस. एक फोन केलास तर?

पुन्हा ता. क. नको, फोन नको. वशिल्याने उघडलेल्या खोलीत बसून आम्ही न्यायावर काय डोंबल बोलणार! वरची ओळ खोडणार होतो, पण खोडलेलं तू आधी वाचतेस.

शेवटचं ता. क. सुनावणीला कोणालाही येऊन बसता येतं. तू ये. काही बोलू नकोस, नुसती बस. कुलसचिव मला खोटारडा समजून ऐकतील आणि माझेच मित्र मला शत्रू समजून ऐकतील. आत्या, मला हे मंडळ हवं आहे गं, फार हवं आहे. हे ठाऊक असलेलं एक तरी माणूस त्या सभागृहात असू दे.