उजनीच्या पाण्यात साडेपाच तास

३ फेब्रुवारी १९९६
डायव्हिंगचे दोन सेट मुंबईहून आले. सेकंडहँड, पण जर्मन. माहितीपुस्तकही जर्मन. चित्रांवरून सगळं कळलं. ‘इंदापूर डायव्हिंग क्लब’ निघालाच समजा. शाळेतली लॅब असिस्टंटची नोकरी दिवाळीपर्यंत सोडायची.

५ फेब्रुवारी
शाळेच्या टाकीत प्रॅक्टिस. पाणी छातीपर्यंत, पण तंत्र तेच. सांगवीहून मेहुणा शंभूराज आला. क्लबचा पहिला विद्यार्थी. म्हणाला, “दाजी, तुमी सांगाल तसं.” मनिषाने बजावलं, माझ्या भावाला खरचटलं तरी घरात पाऊल टाकायचं नाही. बायकांना विज्ञान पटत नाही.

१० फेब्रुवारी
उद्या पळसदेवजवळ पहिला डाइव्ह. रावजी कोळ्याची होडी ठरवली. तो बरोबर येतो म्हणत होता. नको म्हटलं. होडीत एक माणूस बसलेला असतो असं चित्र पुस्तकात आहे, पण जर्मन लोकांना धरणाचा अनुभव नाही.

११ फेब्रुवारी, सकाळी ८
निघतोय. दुपारी जेवायला घरी.

१२ फेब्रुवारी
काल लिहिता आलं नाही. थोडं अंग दुखतंय.
साडेअकराला दोघं पाण्यात उतरलो. खाली इतकं गढूळ की स्वतःचा हात दिसेना. वर आलो तर होडी जागेवर नाही. नांगराच्या दगडाला गाठ मी मारली होती. दोर खराब निघाला. होडी वाऱ्यावर लांब चाललेली. शंभूराजला पाठलाग करायचा हुकूम दिला. अर्ध्या तासात ती दिसेनाशीच झाली.
दोन्ही काठ लांब. फुगवलेल्या जॅकेटवर तरंगत राहिलो. शंभूराज म्हणाला, “दाजी, आता काय करायचं?” त्याचं चित्र पुस्तकात नव्हतं. शिट्टी वाजवली. बगळे उडाले.
तीनच्या सुमारास माझ्या जॅकेटमधली हवा सुटायला लागली. शंभूराजने माझा पट्टा स्वतःच्या पट्ट्यात अडकवला. त्याला धीर यावा म्हणून मी त्याला मिठी मारली. तो म्हणाला, “दाजी, गळा सोडा, दम कोंडतोय.”
थंडीने डोळे मिटायला लागले. तो सारखा हलवायचा. लॅबमधल्या बाटल्यांची नावं सांगा म्हणायचा. सगळी कपाटं दोनदा सांगून झाली. डोळ्यांत पाणी आलं. धरणाचंच असणार.
पाचला साखरबाई नावाची कोळीण जाळी काढत आली. लांबूनच ओरडली, “जिते हायसा का?” मी क्लबचं नाव सांगितलं. शंभूराज म्हणाला, “आधी दाजीस्नी घ्या. त्यास्नी पोहाया येत न्हाय.”
म्हणजे त्याला ठाऊक होतं. तरी आला होता.
साखरबाईने मला दंडाला धरून माशांवर ओढून घेतलं. भाकरी दिली. होडी पलीकडच्या काठाला लागलेली सापडली.

१४ फेब्रुवारी
मनिषा बोलत नाही. तिने शंभूराजला गूळ घालून दूध दिलं. मला नुसतं. क्लब मार्चपर्यंत पुढे ढकलला. दोरवाल्याला खरमरीत पत्र लिहायचं.

२० फेब्रुवारी
पत्र लिहिलं नाही. शंभूराज आला होता. चहा पिऊन झाला. मग म्हणाला, “दाजी, मला त्या दिवशी लई भ्या वाटलं.” प्रशिक्षकाने काय बोलायचं असतं ते ठरवत होतो. तोंडातून निघालं, मलाही.

१० मार्च, रविवार
सासुरवाडीला, सांगवीत. शंभूराजने माझ्या पाठीला रॉकेलचा रिकामा डबा बांधला आणि विहिरीत उतरवलं. वरून मनिषाने दोर धरला होता. आमच्या शाळेच्या पाचवीतल्या दोन मुली पाहुण्या आल्या होत्या. शेजारून सपासप पोहत गेल्या. एकीने हात जोडून “नमस्कार, सर” म्हटलं.
मला हात जोडता आले नाहीत. दोन्ही हातांनी पायरी धरली होती.