पडण्याची तालीम

आबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की चेहरा आठवायला आता फोटो बघावा लागतो. हात मात्र तसाच डोळ्यांसमोर आहे, डाळ मिलमध्ये पोती उचलून राठ झालेला, कंबरेचा पट्टा एका हिसक्यात ओढून काढणारा. मुलीने नाचू नये असं तुमचं मुळीच म्हणणं नव्हतं. दोंडाईच्याला मामाच्या वरातीपुढे तुम्हीच मला खांद्यावर घेऊन नाचलात, आणि तुमच्याइतकं बेभान त्या अख्ख्या वरातीत कुणी नाचत नव्हतं. पण कॉलेजात असताना मी धुळ्याला नाचाच्या स्पर्धेत उतरले, तेव्हा तुम्ही प्रेक्षकांतून उठून सरळ रंगमंचावर आलात आणि वेणी धरून मला जळगावला घेऊन आलात. स्वयंपाकघरात आई भाकरी थापतेय. तिच्यादेखत तुम्ही पट्टा काढता. "वरातमा बठ्ठाच नाचतस. तिकीट काढीसन लोके देखतीन, तठे मनी पोर नाचाव नही." शब्दागणिक एक फटका. आई तव्यावरची भाकरी उलटते. तिच्यावरचा तो राग माझा अजून गेलेला नाही. पुढे दोन-चार दिवसांआड हेच व्हायचं, आणि हनुवटी छातीशी घ्यायची, अंग सैल सोडायचं, डोकं वाचवून खांद्यावर पडायचं, हे मला येऊ लागलं.

मग मी पळाले. पुण्याच्या एका नाचाच्या कंपनीत आधुनिक नृत्य करू लागले. तिथे नाचणाऱ्याला उचलतात, भिरकावतात, जमिनीवर आदळू देतात. बाकीच्या मुली घाबरायच्या, मी हसत पडायचे. संचालकांनी विचारलं, "हे कुठे शिकलीस?" म्हटलं, "घरीच." त्यांना तो विनोद वाटला. पडण्यावरच माझं नाव झालं, आबा. मोठमोठ्या रंगमंचांवर लोकांनी मला पडताना पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. शेवटी गुडघ्याने दगा दिला, तेव्हा जळगावला परत आले, एमआयडीसीत पाइपांचं एक बंद गोडाऊन भाड्याने घेतलं आणि स्वतःची कंपनी काढली. नाचणारीची नाचवणारी झाले. माझ्याकडे येणारी मुलगी आधी फक्त पडायला शिकते. अंग काळंनिळं होतं, मग हळूहळू भीती जाते.

त्यांतली भडगावची एक मुलगी माझ्याहून चांगली पडते. नवा प्रयोग मी तिच्यावरच बसवत होते. मला जे करायचं राहिलं ते ही करील, असं मनाशी धरून बसले होते. गेल्या महिन्यात तालमीत मोठ्याने संगीत चालू असताना तिचे वडील दारातून तरातरा आत आले आणि त्यांनी तिचा दंड धरला. ती कळवळली. पुढचं मी ठरवून केलं नाही. ताल धरायची लाकडी काठी हातात होती, ती मी त्यांच्या डोक्यात घातली. ते गुडघ्यांवर आले. मी परत मारलं, पाठीत, खांद्यावर, पोरांनी मला मागे ओढेपर्यंत. खोटं कशाला बोलू, प्रत्येक फटक्याला मला बरं वाटत होतं. कुणीतरी संगीत बंद केलं. कानामागून रक्त गळत असताना तो माणूस खालूनच मला विचारत होता, "मनी पोरना आंगवर ह्या वळ कसाना शेतस? कोनी मारं तिले?"

मुलगी त्याआधी सुट्टीत घरी गेली होती, तेव्हा माझ्या तालमीत पडून पडून काळीनिळी झालेली तिची पाठ त्यांनी पाहिली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी दिली. तिने ओढणीने त्यांचं डोकं बांधलं, त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि माझ्याकडे न बघता त्यांना रिक्षात बसवून घेऊन गेली. मी भडगावला जाऊन पाया पडून आले. त्यांनी पोलिसांत तक्रार केली नाही, चहासुद्धा दिला. मुलगी बाहेर आली नाही. ती आता यायची नाही, हे मला कळतं.

हे कागद मी उद्या फाडून टाकीन. तुम्ही नाही, आणि असतात तरी वाचून पट्ट्यालाच हात घातला असतात. पण त्या दिवशीचं एक मी कुणालाच सांगितलेलं नाही. तो माणूस माझ्यासमोर रक्तबंबाळ होऊन तो प्रश्न विचारत होता, तेव्हा मला आधी त्याचं वाईट वाटलं नाही, आबा. मला त्या पोरीचा हेवा वाटला.