कणगीचं लायसन

१२ सप्टेंबर, शुक्रवार
सकाळपासून सर्व्हरच्या खोलीत. खोली म्हणजे दवाखान्याचं जुनं औषधांचं गोदाम, फिनेलचा वास अजून जात नाही. नवीन स्टोरेज टाकलं. एक्स-रे, सोनोग्राफीचे फोटो आता खाली काउंटरवरच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर न राहता यात राहतील. आधी शहापूरचे, मग मुरबाडच्या शाखेचे.

मोठ्या मॅडम बघायला आल्या. डॉक्टर आहेत आणि दवाखाना त्यांच्या शब्दावर चालतो. म्हणाल्या, "पेटी कुठे आहे?" म्हटलं, पेटी नाही. सर्व्हरच्या पोटात जसे तीन-चार कॉम्प्युटर चालतात तसाच हा आणखी एक. आतल्याच डिस्क घेतो आणि त्यांचं कोठार करतो.
"म्हणजे दिसत नाही?"
"नाही."
"मग विकत काय घेतलं आपण?"
दिनकरकाका दारात उभे होते. जनरेटर, पंप, एक्स-रे रूमची वीज, सगळं त्यांच्याकडे. ते म्हणाले, "म्हंजे कणगीच हाय मॅडम. भात ठेवायची. फक्त बांबूची नाय." मॅडमना पटलं. मी सकाळपासून घसा कोरडा केला तो फुकट.
इथे पण कणगीच लिहीन. खरं इंग्रजी नाव लांबलचक आहे.

१६ सप्टें., मंगळ
जुने फोटो कणगीत भरले. म्हातारा कॉम्प्युटर भंगारात गेला. बॅकअपची ड्राइव्ह गणपतीपर्यंतच्या फोटोंनी काठोकाठ भरलीय. त्यानंतरचे फोटो फक्त कणगीत. नवीन ड्राइव्हसाठी अर्ज दिला तर ट्रस्टचे साहेब म्हणतात, दिवाळीनंतरच्या मीटिंगला ठेवू. ठेवा.
मुरबाडला धाकटी कणगी बसली की प्रत्येक फोटोची दुसरी प्रत आपोआप तिथे जाईल. पण तिथल्या खोलीत अजून वायरिंग नाही. वायरमन दसऱ्यानंतर येतो म्हणाला. कुठल्या दसऱ्यानंतर ते विचारायला हवं होतं.

२२ सप्टें., सोम
लायसन आलं! चाचणीच्या मुदतीवर चाललो होतो, जीव टांगणीला होता.
कणगीला स्वतःचा एक नंबर असतो, तिच्या नेटवर्क कार्डाचा. कंपनी लायसन त्या नंबराला बांधते. नंबर बदलला तर लायसन रद्द, असं स्पष्ट लिहिलंय. मी वाचलंय. वाचलंय अशी इथे नोंद करून ठेवते.
हिरवी खूण आली. पेढे आणले. काकांनी दोन घेतले, "एक कणगीचा."
मॅडमनी लगेच फर्मान काढलं, उद्यापासून फिल्म बंद, फोटो कॉम्प्युटरवरच. थोडं थांबूया म्हणणार होते. पण पेढे खाताना कोण म्हणतं.

२३ सप्टें., मंगळ
फिल्म न देता परत पाठवलेली पहिली बाई: हिरा. डोळखांबकडच्या पाड्यावरची, विशीतली. खोकला जात नाही, छातीत डाग. औषध सुरू केलंय, दिवाळीच्या आधी पुन्हा बोलावलंय. काउंटरवर हात पुढे करून उभीच राहिली.
"फोटू देत नाय काय?"
म्हटलं, "इथे जपून ठेवलाय. पुढच्या वेळेला डॉक्टर दोन्ही फोटो शेजारी शेजारी बघतील."
"हरवाल नाय ना?"
"नाही गं."
मला गंमत वाटली. आमच्या आईचाही कुठल्याच कॉम्प्युटरवर विश्वास नाही.

२८ सप्टें., रवि
सुट्टी असून खर्डीहून शहापूरला गेले. कणगी ज्या डिस्कवर आहे ती टकटक करायला लागलीय. नवीन डिस्क आहे, नशीब. कणगी बंद करून सगळी तिकडे उतरवायला हवी. बंद केल्यावर एक्स-रे मशीन काही दिवसांचे फोटो स्वतःजवळ ठेवतं, तेवढी सवड आहे.
मंगळवारी रात्रीची आईची आणि माझी नागपूरची गाडी. दोन वर्षं जमलं नव्हतं. आईने पांढरी साडी धुऊन, इस्त्री करून ठेवलीय. आता रद्द म्हटलं तर घरात राहता येणार नाही.

३० सप्टें., मंगळ
ओपीडी संपल्यावर कणगी बंद केली, कॉपी लावली. गोगलगाईसारखी सरकतेय. सकाळपर्यंत काही होत नाही. कल्याणला पोचायचं, आईचे फोनवर फोन.
काकांना खुर्चीत बसवून शिकवलं. "कॉपी होतेय काका. पट्टी पूर्ण भरली की हा हिरवा बाण दाबायचा. बाकी कशाला हात नाही."
"उद्या खंडेनवमी हाय. पूजा झाल्याशिवाय मशीन चालू नाय करायचा मी."
"पूजेनंतर करा. पण पाणी-कुंकू आत उडवू नका."
"अगो, मी काय खुळा हाय काय?"
गाडीत बसून लिहितेय. आई आत्ता कुठे हसली.

२ ऑक्टो., गुरु, नागपूर
माणसंच माणसं. आई तास न् तास रांगेत उभी राहिली आणि एकदाही पाय दुखतात म्हणाली नाही. आत गेल्यावर रडली, मीही रडले. पुस्तकं घेतली, पिशवी उचलत नाही.
काल काकांचे तीन मिस्ड कॉल. रेंज नव्हती. संध्याकाळी लागला एकदाचा.
"झाली गो चालू. झेंडूचा हार पण घातला, बाहेरच्या जाळीला."
आमच्या घरात पूजा नाही हे काकांना चांगलं माहीत आहे. तरी माझ्या मशिनीला त्यांनी वगळलं नाही. बरं वाटलं, उगाच कशाला नाकारू. जय भीम म्हटलं, तेही जय भीम म्हणाले.

४ ऑक्टो., शनि
हार सुकलाय आणि पडद्यावर लाल पट्टी. लायसन अमान्य.
पहिलं मनात आलं ते इथे लिहीत नाही.
कणगी चालू आहे, पण दार बंद. एकही फोटो उघडत नाही. नंबर बघितला, वेगळाच. काकांना बोलावलं.
"बाण दाबला. तर तेनी इचारलं, ही मशीन हलवली का कॉपी केली? इंग्रजीत होतं, पण तेवढं वाचतो मी. तुला फोन लावला तीन टायमाला. मग कॉपी दाबलं."
"का पण?"
"तूच सांगून गेलीस ना, कॉपी होतेय म्हणून. पूजेला बसलेला माणूस, खोटं कशाला सांगू?"
'कॉपी' म्हटलं की प्रोग्राम ही दुसरीच कणगी समजतो आणि तिला नवा नंबर देतो. 'हलवली' म्हणायचं असतं. हा प्रश्न येतो हे मला माहीत होतं आणि गाडीच्या घाईत सांगायचं राहिलं. तरी मी काकांवर ओरडले, एक्स-रे रूमपर्यंत ऐकू गेलं. ते हार काढून घेऊन गेले.

६ ऑक्टो., सोम
जुना नंबर हाताने टाकून पाहिला. घेत नाही. चाचणीची मुदत एकदाच मिळते, ती वापरून झाली.
मूळ कणगी जुन्या डिस्कवर तशीच आहे, लायसनसकट. म्हणजे जिला लायसन आहे ती मरायला टेकलेल्या डिस्कवर, आणि धडधाकट डिस्कवरची कुलूपबंद! जुनी सुरू करून गणपतीनंतरचे फोटो लॅपटॉपवर काढायला घेतले. पहिले थोडे दिवस निघाले. मग टकटक इतकी वाढली की काका पंपाकडून धावत आले. बंद केली. पुन्हा सुरू करायची छाती होत नाही.
हिराचा फोटो निघालेल्यांत नाही.
काकांची माफी मागितली. "जाऊं दे गो," म्हणाले. पण चहाला बसले नाहीत.

८ ऑक्टो., बुध
लायसनवाल्यांना फोन. बाई गोड बोलते, हिंदीत. नवीन नंबरावर लायसन बांधून देतात, त्यासाठी ऑनलाइन फॉर्म. तो उघडला. मशीन हलवली की कॉपी केली? आणि त्याच्याखाली: मूळ प्रत नष्ट केली आहे का?
नष्ट केली असेल तर लायसन लगेच. नसेल तर त्यांच्या हिशेबी कणग्या दोन, लायसन एक, आणि प्रकरण 'तपासणीला'. किती दिवस? "वो बता नहीं सकते मॅम, दिवाली भी है।"
आता माझं गणित. नवी कणगी कुलपात असल्यामुळे कॉपी नीट उतरली की नाही हे मी पाहिलेलंच नाही. जुनी पुसून टाकली आणि नवी उघडल्यावर आत निम्मंच निघालं तर? गणपतीनंतर आलेल्या सगळ्या माणसांचे फोटो गेले. फिल्म नाही, काही नाही.
मॅडमना सगळं सांगितलं. त्या चिडल्या नाहीत, ते जास्त लागलं. "ती डोळखांबची मुलगी येईल. तिचा आधीचा फोटो मला हवाच. डाग कमी झाला असेल तर घरी जाऊ दे, वाढला असेल तर इथे ठेवून घ्यावी लागेल. एका फोटोवरून कसं सांगू?"

१० ऑक्टो., शुक्र
ज्याच्याकडून लायसन घेतलं तो ठाण्याचा डीलर आला. फॉर्म बघून हसला. "मॅडम, लिहा ना नष्ट केली. कोण येतंय शहापूरला बघायला? लायसन आलं की आरामात पुसा."
खरंच आहे, कोण येतंय! पाच मिनिटांचं काम. आणि मी चोरी थोडीच करतेय, दोन कणग्या वापरायच्याच नाहीत मला. बोट बटणावर होतं.
काका स्टुलावर चढून ट्यूब बदलत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मग मीच खोटं दाबलं असतं त्या दिवशी, तर एवढं झालंच नसतं."
टोमणा नव्हता. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. त्या दिवसाचं सगळं ओझं हा माणूस अजून एकटा वाहतोय. मी लॅपटॉप मिटला. डीलर चहा पिऊन गेला.

११ ऑक्टो., शनि
फॉर्म भरला. 'हलवली'वर खूण केली, कारण हलवायचीच होती. 'नष्ट केली का' याला 'नाही'. खाली शेरा लिहायला जागा होती तिथे लिहिलं, की नवी उघडून फोटो तपासल्याशिवाय जुनी पुसणार नाही, हे पेशंटचे एक्स-रे आहेत. तपासले की त्याच दिवशी पुसून कळवते. पाठवला.
उत्तर: तपासणीत आहे.
डीलर फोनवर म्हणाला, आता बसा. आई म्हणाली, बरं केलंस. दोघांच्याही बोलण्याने पोट भरलं नाही.

१४ ऑक्टो., मंगळ
तपासणीत आहे. रोज दोनदा फोन लावते. गोड बाई आता माझा आवाज ओळखते.
काका कापणीसाठी रजेवर. जाताना म्हणाले, "घरची कणगी सारवून ठेवलीय. तुजी उघडली की फोन कर." चहाला बसले आज.

१८ ऑक्टो., शनि
सकाळी पुन्हा तेच, तपासणीत आहे. मंगळवारपर्यंत आलं नाही तर जुनी डिस्क पुन्हा एकदा सुरू करून बघणार. त्यात ती गेली तर गेली. मॅडमनी हो म्हटलंय.
हिरा आली. बरोबर नवरा आणि कडेवर लहान मुलगी. नवीन एक्स-रे काढला; हल्ली रोजचे फोटो मशीनवरून लॅपटॉपवर घेते. मॅडम तो बराच वेळ बघत राहिल्या, मग माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणून मान हलवली.
गुरुवारी भाऊबीज झाली की वीटभट्टीचा ट्रक येणार, पाड्यावरची सगळी निघतील. हिराला थांबावं लागलं तर नवरा मुलीला घेऊन पुढे जाणार. तो चप्पल फरशीला घासत होता.
हिराच काउंटरवर आली. "जुना फोटू हरवला काय?"
"नाही गं. आहे. आतच आहे."
"मंग?"
"कुलूप आहे त्याला. किल्ली यायचीय."
तिने माझ्या मागे, सर्व्हरच्या खोलीच्या उघड्या दाराकडे बघितलं. "खोली तर उघडीच हाय," म्हणाली.
मी तिला बुधवारी ये म्हटलंय. हो म्हणाली, पोरीला सावरत बसस्टँडकडे गेली. आज शनिवार.